पालकमंत्र्यांना द्यायच्या निवेदनात बांधकाम व्यावसायिकांनी नेमकं काय मागावं? (सोलापूर)

विजापूररोड_बांधकाम

शहरातल्या छोट्या बांधकाम व्यावसायिकांतर्फे पालकमंत्र्यांना निवेदन द्यायचंय. मसुद्यात सध्या चार मागण्या आहेत: एफएसआय (प्लॉटच्या क्षेत्राच्या किती पट बांधता येतं ते प्रमाण) वाढवा, कमी जीएसटी लागणाऱ्या घरांची ४५ लाखांची मर्यादा वाढवा, रेडीरेकनर (सरकारनं ठरवलेले जमीन-घरांचे दर) कमी करा, परवानगीसाठी एक खिडकी द्या. बहुतेक मजकूर पुण्या-मुंबईच्या निवेदनांवरून घेतलेला आहे. आपल्याकडे, विशेषतः हद्दवाढ भागात (महापालिकेत नंतर आलेल्या वस्त्यांत), काम कुठं अडतं आणि ते कुणाच्या हातात आहे? कलमासह सांगितलंत तर बरं.

आर्किटेक्ट_सातरस्ता

मालक, पहिली मागणी खोडा. एफएसआय कागदावर भरपूर आहे, रस्त्यापायी तो वापरता येत नाही. डिसेंबर २०२० च्या युडीसीपीआरमध्ये (राज्याच्या एकत्रित बांधकाम नियमावलीत) दाट वस्तीबाहेरच्या प्लॉटला मूळ एफएसआय १.१०. समोर ९ मीटरचा रस्ता असेल तर त्यावर ०.५० प्रीमियम (पैसे भरून मिळणारा एफएसआय) आणि ०.४० टीडीआर (आरक्षणात जमीन देणाऱ्याला मोबदला म्हणून मिळणारा, विकता येणारा बांधकाम हक्क), म्हणजे २.००. रस्ता ३० मीटरचा असेल तर ३.०० पर्यंत. ९ मीटरच्या आत रस्ता असला की गाडी १.१० वरच थांबते.

५०० चौ. मी.चा प्लॉट घ्या. ९ मीटरवर १००० चौ. मी., आणि ६० टक्के पूरक क्षेत्र (बाल्कनी, जिने वगैरेंसाठी पैसे भरून मिळणारं जादा क्षेत्र) घेतलं तर १६००. तोच प्लॉट साडेसात मीटरच्या रस्त्यावर असला तर ५५०, पूरक धरून ८८०. दीड मीटरपायी जवळपास निम्मी इमारत गेली! आणि हद्दवाढ भागातल्या जुन्या लेआउटमध्ये सहा-साडेसात मीटरचे रस्ते सर्रास आहेत.

म्हणून मागणी अशी लिहा: महापालिका अधिनियमाच्या कलम २१० खाली या रस्त्यांची नियमित रेषा (रस्त्याची अधिकृत हद्द) ९ मीटरची आखावी. साडेसात मीटरच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी पाऊण मीटर जागा जाते. हा निर्णय महापालिकेच्या पातळीवरचा आहे, मंत्रालयाची वाट बघावी लागत नाही. मात्र एकट्या प्लॉटवाल्यानं जागा सोडून भागत नाही, रेषा अख्ख्या गल्लीची लागते. त्यामुळे गल्ल्यांची यादी, मोजणी नकाशा आणि जागा सोडायला तयार असलेल्या मालकांची संमतीपत्रं निवेदनालाच जोडा. मोघम "रस्ते रुंद करा" लिहिलंत तर कागद फायलीत पडून राहील.

टीडीआरचं दुखणंही इथलंच. अरुंद रस्त्यावर तो चढवता येत नाही, म्हणून गिऱ्हाईक कमी. गिऱ्हाईक नाही म्हणून आरक्षणाखालचा जमीनमालक टीडीआर नाकारतो, दहा वर्षं थांबतो आणि नगररचना अधिनियमाच्या कलम १२७ ची नोटीस देतो. २४ महिन्यांत भूसंपादनाची पावलं पडली नाहीत की आरक्षण व्यपगत म्हणजे रद्द, बाग आणि मैदान फक्त नकाशावर. रस्ते रुंद झाले तर शहराचंही भलं आहे, हे मुद्दाम लिहा.

करसल्लागार_नवीपेठ

४५ लाखांची मर्यादा ही जीएसटी परिषदेची बाब. पालकमंत्री फार तर शिफारस करतील. शिवाय आपण महानगरात मोडत नाही, त्यामुळे ९० चौ. मी. चटईक्षेत्र आणि ४५ लाखांच्या आतली सदनिका आजही १ टक्का जीएसटीत बसते. आपल्याकडचे साधे दोन बीएचके बहुतेक याच गटातले. खरा बोजा आत दडलेला आहे: १ टक्क्याच्या योजनेत इनपुट क्रेडिट (मालावर भरलेल्या कराची वजावट) नाही, म्हणून सिमेंट-स्टीलवरचा कर किमतीतच मुरतो. सप्टेंबर २०२५ मध्ये सिमेंट २८ वरून १८ टक्क्यांवर आलं, तेवढाच दिलासा.

रेडीरेकनर मात्र लावून धरा. २०२५-२६ मध्ये सोलापूर महापालिका क्षेत्रातली वाढ १०.१७ टक्के होती, राज्यातल्या महापालिकांत सर्वाधिक. या एका दरावर मुद्रांक शुल्क, विकास शुल्क आणि प्रीमियम असे तिन्ही खर्च हलतात. वरच्याच प्लॉटचं उदाहरण: जमिनीचा दर चौ. मी.ला १०,००० रुपये धरला तर २५० चौ. मी. प्रीमियम एफएसआयला ३५ टक्क्यांनी ८,७५,००० रुपये. दर दहा टक्के चढला की ८७,५०० वाढले, तेही एक वीट रचण्याआधी.

नुसतं "दर कमी करा" म्हणू नका. मुख्य रस्त्यालगतचा प्लॉट आणि ड्रेनेज नसलेली आतली गल्ली एकाच मूल्यविभागात (रेडीरेकनरचा एकच दर लागणाऱ्या भागात) असेल तर विभाग तोडून मागा. पुरावा म्हणून नोंदलेली खरेदीखतं जोडा आणि १ एप्रिलच्या बऱ्याच आधी द्या. सवलत मागाल तिथं ग्राहकाच्या पदरात काय पडणार तेही लिहा. २०२१ मध्ये प्रीमियम निम्मा झाला, तेव्हा ग्राहकाचं मुद्रांक शुल्क विकासकानं भरावं अशी अट होती.

पाणीपुरवठा_जुळेसोलापूर

पाण्याचं कुणीच काढलं नाही, म्हणून लिहितो. माणशी १३५ लिटर आणि घरात पाच जण धरले तर २० सदनिकांना रोज १३,५०० लिटर लागतात. नळ चौथ्या दिवशी येणार असेल तर टाकी ५४,००० लिटरची हवी. रोज पाणी आलं तर २०,००० ची पुरते. जादा ३४,००० लिटरचं खोदकाम, काँक्रीट आणि वॉटरप्रूफिंग शेवटी घर घेणाऱ्याच्याच माथी बसतं. उजनीच्या समांतर जलवाहिनीचं पाणी कोणत्या भागात कधी पोचणार, याचं जलकुंभनिहाय वेळापत्रक लेखी मागा. तुम्ही भरलेलं विकास शुल्क त्याच भागातल्या वितरण वाहिनीवर खर्च व्हावं, हेही त्यात घाला. माझ्या मते हीच पहिली मागणी असायला हवी.

विजापूररोड_बांधकाम

क्रम बदलतो: पाणी, ९ मीटर, रेडीरेकनर. एक खिडकी ठेवू का? ६० दिवसांत उत्तर आलं नाही तर मानीव परवानगी (मिळाली असं कायद्यानं धरलेली) मिळते ना?

आर्किटेक्ट_सातरस्ता

नगररचना अधिनियमाचं कलम ४५(५) तसं म्हणतं, पण नकाशा नियमात तंतोतंत बसत असेल तरच. बसत नसेल तर बांधकाम अनधिकृत ठरतं. शिवाय अशा परवानगीवर बँक कर्ज द्यायला कचरते. खिडकी तर ऑनलाइन आहेच. अडतं ते त्रुटी तुकड्यातुकड्यानं निघतात म्हणून: आधी सातबारा, मग मोजणी, मग अग्निशमन. सगळ्या त्रुटी पहिल्या १५ दिवसांत एकाच पत्रात कळवाव्यात आणि त्यानंतर नवी त्रुटी काढायची तर लेखी कारण द्यावं, एवढंच मागा. आयुक्तांच्या एका परिपत्रकानं हे होण्यासारखं आहे.