चिअरलीडिंगच्या ट्रायआउटची (निवड चाचणीची) तयारी: तुमचे, मुलांचे अनुभव लिहा

तिळगूळ_टेक्सास
कालपासून लेक हॉलमध्ये हर्की मारतेय. म्हणजे ती उडी, एक पाय बाजूला सरळ, दुसरा गुडघ्यात दुमडलेला. शोकेसमधला गणपती हलला आणि मला एकदम 1997 आठवलं. नाशिकहून डॅलसजवळ आलो होतो, मी नववीत, मैत्रीण म्हणाली चल ट्रायआउटला. आधी क्लिनिक, म्हणजे सराव शिबिर, त्यात एक चिअर (घोषणा) एक डान्स शिकवतात, मग परीक्षकांसमोर. घरी हाय व्ही घोटायचे, म्हणजे दोन्ही हात वर इंग्रजी V सारखे, हात कानामागे नाही न्यायचे, किंचित पुढे, डोळ्याच्या कडेला मूठ दिसली पाहिजे, मनगट मोडायचं नाही. आई पोळ्या लाटता लाटता लाटण्यानेच मनगट सरळ करायची. सगळं पाठ. टीशर्टला 43 नंबर. आणि मार्क गेले कशात, तर हसण्यात! नाशिकच्या शाळेत कवायतीला दात दिसले की सर मैदानाला फेरी मारायला लावायचे, मी इथेही तशीच तोंड मिटून. रात्री जिमच्या काचेवर यादी, 42 नंतर एकदम 46. बाबा गाडीत विचारतात, "46 म्हणजे तू नाहीस ना?" लेकीला हे सांगू की नको?

भाकरवडी
सांग गं, हसेल तरी. मार्क मिळतील 😄

शेवग्याची_शेंग
कार्टव्हील, राउंडऑफ या हातांवरच्या कोलांट्या जमल्या, बॅक हँडस्प्रिंगला, म्हणजे मागे झेप घेऊन हातांवरून उलटायला, अडकले ती अडकलेच. बॅकयार्डात गादी टाकून प्रॅक्टिस, आईची नवी गादी, पाऊस आला. पुढचं विचारू नका.

मिनेसोटाकर
आमच्याकडे चिरंजीव आहेत टीममध्ये, बेस, म्हणजे खाली उभं राहून फ्लायरला उचलणारा. आजी फोनवर, "ते आयपीएलमधलं का रे? मुलगा असून?" तिला सांगितलं हे सुरूच पुरुषांनी केलंय, 1898 साली, आमच्याच मिनेसोटा युनिव्हर्सिटीत, जॉनी कॅम्पबेल नावाचा विद्यार्थी मॅचमध्ये प्रेक्षकांपुढे उभा राहून ओरडायला लागला. आजी म्हणे मग अभ्यास कोण करत होतं.
आणि तिळगूळ, हर्की तुमच्या डॅलसचीच. लॉरेन्स हर्किमरवरून नाव पडलं, तो डॅलसच्या एसएमयूचा (सदर्न मेथडिस्ट युनिव्हर्सिटी). त्याचा 1948 चा पहिला चिअरलीडिंग कॅम्प, 52 मुली आणि 1 मुलगा. त्या एकाचं काय झालं असेल याचा मी फार विचार करतो.

सांगलीची_हळद
चिअरबिअर नाही, आमच्याकडे लेझीम. 15 ऑगस्टच्या पथकात निवड व्हायची तर उंची बघायचे, मी कायम शेवटच्या ओळीत नाहीतर बाहेर. चपलेत पुठ्ठा घालून गेले एकदा, बैठकीच्या हाताला पुठ्ठा बाहेर. सर काही बोलले नाहीत, घेतलं. हसायचं नाही हे मात्र अगदी खरं.

भाकरवडी
पुठ्ठा 😂😂 हळद, तू ती आंबेहळदीच्या लोणच्याची रेसिपी देणार होतीस.

नवी_आई_न्यूजर्सी
प्लीज कोणीतरी सांगा, पुढच्या आठवड्यात आहे आमचं. डॉक्टरचा फिजिकल फॉर्म झाला. दागिने चालत नाहीत म्हणतात, कानातले पण? सासूबाई म्हणतात मोकळे कान ठेवायचे नाहीत.

तिळगूळ_टेक्सास
काढावेच लागतील, स्टंट करताना कुणाच्या केसात अडकतात. नखंही काप, च्युइंगगम नको. आणि केस घट्ट बांध, आमच्या वेळी एकीचा केसांचा बो उडून परीक्षकाच्या मांडीवर पडला होता. ती निवडली गेली, सांगून ठेवते.

शेवग्याची_शेंग
स्प्लिट्सच्या (पाय फाकवून जमिनीवर बसण्याच्या) आधी तिळाचं तेल लावा मांड्यांना, कोमट करून. पण त्याच दिवशी नको, मॅटवर घसरायला होतं. अनुभव.

सांगलीची_हळद
अगं आंबेहळद संपलीय, मार्गशीर्षात देते. तुमच्याकडे मिळते का तिकडे?

तिळगूळ_टेक्सास
पटेलकडे, म्हणजे इथल्या भारतीय किराणा दुकानात, फ्रोझन मिळते. थांबा, हॉलमधून आवाज आला, गणपती बघून येते.