मदत हवी आहे: अँड्रॉइड स्टुडिओतून ॲप नीट चालतं, प्ले स्टोअरच्या टेस्टिंग लिंकवरून घेतलं की लॉगिन, नकाशा, यादी सगळंच बंद

नमस्कार मंडळी,

ज्यांनी प्ले स्टोअरवर स्वतःचं ॲप चढवलंय त्यांची मदत हवी आहे. मी आणि माझी मैत्रीण मिळून पक्ष्यांच्या नोंदी ठेवायचं ॲप करतोय, म्हणजे पक्षी दिसला की नकाशावर खूण करायची, फोटो जोडायचा आणि बाकीच्यांच्या नोंदी यादीत बघायच्या, एवढंच. कॉटलिनमधे लिहिलंय, लॉगिन गूगल अकाउंटने आणि मागे फायरबेस (गूगलची तयार बॅकएंड सेवा), नकाशा गूगल मॅप्सचा, आणि नोंदी आमच्या सर्व्हरवरून येतात त्यासाठी रेट्रोफिट (सर्व्हरशी बोलणारी लायब्ररी) आणि जीसन (सर्व्हरचं उत्तर कोडमधल्या फील्डमधे भरणारी). लॉगिन न करताही नकाशा आणि यादी बघता येते, नोंद करायची असेल तरच लॉगिन लागतं.

स्टुडिओतून रन केलं की सगळं सुरळीत. मग साइन केलेलं बंडल (प्लेला द्यायची ॲपची फाइल) बनवलं, इंटर्नल टेस्टिंगला (मोजक्या माणसांपुरत्या चाचणीला) टाकलं, लिंक ओळखीच्या लोकांना पाठवली, आणि तिथून पुढे एकेक सुरू झालं. लॉगिनचं बटण दाबलं की अकाउंट निवडायची खिडकी येते, अकाउंट निवडलं की ती बंद होते आणि परत लॉगिनचाच स्क्रीन समोर, लॉगमधे नुसता १० हा एरर कोड. नकाशाच्या जागी राखाडी कागद, कोपऱ्यात गूगलचा लोगो मात्र दिसतो. आणि यादीचं तर काही कळतच नाहीये, सर्व्हरवर जितक्या नोंदी आहेत बरोबर तितक्याच ओळी येतात पण प्रत्येक ओळ कोरी, ना पक्ष्याचं नाव, ना ठिकाण, ना तारीख. क्रॅश नाही, एरर नाही, काही नाही.

शिवाय ज्यांना आधी चॅटवरून एपीके (फोनवर थेट टाकायची ॲपची फाइल) पाठवली होती त्यांच्यातल्या काहींच्या फोनवर प्ले स्टोअरवरचं ॲप इन्स्टॉलच होत नाहीये. आणि पुढचा प्रश्न प्रॉडक्शनचा, म्हणजे ॲप सगळ्यांसाठी खुलं करण्याचा, आमचं डेव्हलपर अकाउंट वैयक्तिक आहे आणि नवीन आहे, तर त्याआधी १२ टेस्टर १४ दिवस असायला हवेत ही अट आम्हाला लागू आहे का, आणि इंटर्नल टेस्टिंगमधे जोडलेली माणसं त्यात धरतात का?

लोक मनापासून वापरून बघायला तयार आहेत, त्यांचा उत्साह असा पहिल्याच स्क्रीनवर अडायला नको असं फार वाटतंय. कुणाला यातलं काहीही ओळखीचं वाटत असेल तर प्लीज सांगा.

प्रतिसाद:

ताई, तिन्ही लक्षणं एकाच रोगाची नसावीत असं दिसतंय, त्यामुळे आधी ती वेगळी करू. स्टुडिओतून रन करता तेव्हा डेबग बिल्ड (आपल्या तपासणीपुरतं) जातं आणि प्लेवर गेलंय रिलीज बिल्ड (लोकांना द्यायचं), म्हणजे मधे एकदम दोन गोष्टी बदलल्यात, बिल्डचा प्रकार पण आणि सही पण. मधली पायरी करून बघा. बिल्ड व्हेरियंटमधे रिलीज निवडा, तुमच्या कीस्टोअरने (सहीची की ठेवायची फाइल) साइन केलेली एपीके बनवा, फोनवरचं ॲप पूर्ण काढून ती केबलने टाका. मग लॉगिन, नकाशा, यादी यातलं काय चालतं आणि काय नाही ते इथे लिहा. ग्रेडल फाइलमधे (बिल्डची सेटिंग) रिलीजसाठी मिनिफाय (कोड आखडणं) चालू आहे का तेही सांगा.

धागाकर्ती:

केलं. रिलीज एपीके केबलने टाकली तर लॉगिन चालतं, नकाशा पण दिसतो, यादी मात्र तशीच कोरी! मिनिफाय रिलीजला चालू आहे, डेबगला बंद. आमच्या कीस्टोअरचा एसएचए-१ (सहीचा ठसा) आम्ही फायरबेसमधे आणि मॅप्सच्या कीमधे आधीच घातलेला आहे, डेबगचा पण घातलाय.

प्रतिसाद:

मग उकललंच की. लॉगिन आणि नकाशा हा सहीचा प्रश्न आहे, यादी हा मिनिफायचा.

सहीचं असं आहे. तुम्ही बंडल ज्या कीने साइन करता ती फक्त अपलोड की. बंडल थेट कुणाच्या फोनवर जात नाही, प्ले त्यातून प्रत्येक फोनला लागेल तशा एपीके तयार करतं आणि त्यांच्यावर सही करतं ती ॲप सायनिंग कीने, जी गूगलकडे असते. ऑगस्ट २०२१ पासून नवीन ॲपला बंडलच द्यावं लागतं, त्यामुळे हे आता सगळ्यांच्याच वाट्याला आहे. फायरबेस आणि मॅप्स दोघंही पॅकेजचं नाव आणि सहीचा ठसा जोडीने तपासतात, आणि प्लेवरून आलेल्या ॲपवरचा ठसा तुम्ही कुठेच नोंदवलेला नाही, म्हणून ते ॲप त्यांना ओळखीचंच वाटत नाही. कोड १० चा अर्थ साधारण हाच असतो. प्ले कन्सोलमधे ॲप सायनिंगचं पान शोधा (मेनूत त्याची जागा बदलत असते, वरच्या सर्चमधे टाकलेलं सोपं), तिथे दोन सर्टिफिकेटं दिसतील, एक ॲप सायनिंगचं आणि एक अपलोडचं. पहिल्याचा एसएचए-१ उचलून फायरबेसच्या प्रोजेक्ट सेटिंगमधे टाका, आणि क्लाउड कन्सोलमधे मॅप्सच्या कीवर जे निर्बंध आहेत तिथेही टाका. आधीचे काढू नका, एकापेक्षा जास्त चालतात. मॅप्ससाठी नवीन बिल्ड लागत नाही, थोडा वेळ गेला की नकाशा आपोआप दिसायला लागतो.

ठसा बरोबर घेतलाय का याची खात्री करायची असेल तर प्लेवरून घेतलेलं ॲप चालू ठेवून फोन केबलला लावा आणि लॉगकॅट (फोनचा लॉग) बघा. मॅप्स तिथे स्पष्ट लिहितं की ऑथोरायझेशन फेल झालं, आणि त्याच्याच खाली कुठली की, कुठला ठसा आणि कुठलं पॅकेज नोंदवलेलं असायला हवं ते पण छापतं. ती ओळ कन्सोलमधल्या ठशाशी अक्षर न् अक्षर जुळवून बघा.

आता यादी. मिनिफाय चालू केलं की आर-एट (कोड आखडणारं टूल) तुमच्या क्लासची आणि फील्डची नावं आखडून ए, बी, सी करून टाकतं. जीसन मात्र जेसनमधलं (सर्व्हर ज्या स्वरूपात नोंदी पाठवतो ते) नाव आणि फील्डचं नाव जुळतंय का ते ॲप चालू असताना बघतं. सर्व्हर पाठवतो पक्ष्याचं नाव, क्लासमधे त्या नावाचं फील्डच उरलेलं नाही, मग जीसन गुपचूप ते रिकामं सोडतं. म्हणून ओळींची संख्या बरोबर आणि मजकूर गायब, कारण यादी किती लांबीची आहे हे कळायला नावांची गरज पडत नाही. उपाय म्हणजे सर्व्हरकडून येणाऱ्या प्रत्येक मॉडेलच्या प्रत्येक फील्डवर सीरियलाइझ्ड-नेम हे ॲनोटेशन लावा. प्रोगार्डच्या (आर-एटच्या नियमांच्या) फाइलमधे अख्खं मॉडेल पॅकेज कीप करूनही (नावं बदलू नको असं सांगूनही) काम होतं, पण उद्या कुणी क्लास दुसऱ्या पॅकेजमधे हलवला की तो नियम लागू होत नाही आणि पुन्हा हेच शोधत बसावं लागतं, म्हणून माझं मत ॲनोटेशनलाच. अँड्रॉइड ग्रेडल प्लगइन ८ पासून आर-एट मुळातच फुल मोडमधे चालतं, जास्त कडक असतं, त्यामुळे जीसनची आवृत्तीही जुनी ठेवू नका, नव्यात लागणारे बरेचसे कीप नियम बरोबरच येतात. आणि मिनिफाय बंद करून मोकळं व्हायचा मोह आवरा, ॲपचा आकार त्याने खरंच कमी होतो.

प्रतिसाद:

वरचं सगळं बरोबर, मी थोडी भर घालते. प्रत्येक वेळी टेस्टिंग लिंकवर नवीन बिल्ड टाकून बघायची गरज नाही. कन्सोलमधे ॲप बंडल एक्सप्लोरर आहे, तिथून गूगलच्या कीने साइन झालेली युनिव्हर्सल (कुठल्याही फोनवर चालणारी) एपीके उतरवता येते, ती केबलने टाकली की हुबेहूब प्लेवरच्याच सहीचं ॲप तुमच्या टेबलावर. आम्ही सहीशी संबंधित सगळं असंच तपासतो.

इंटर्नल टेस्टिंग आणि इंटर्नल ॲप शेअरिंग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हेही ध्यानात असू द्या. शेअरिंगला तोच व्हर्जनकोड (बिल्डचा क्रमांक) पुन्हा चालतो, डेबग बिल्ड पण चालतं, पण तिथे गूगल आणखी तिसऱ्याच कीने सही करतं, म्हणजे तिथे लॉगिन हवं असेल तर तिसरा ठसा नोंदवावा लागतो. टेस्टिंगच्या ट्रॅकला मात्र एकदा चढवलेला व्हर्जनकोड कायमचा खर्ची पडतो, पुढच्या वेळी वाढवावाच लागतो.

इन्स्टॉल न होण्याचं कारणही सहीच आहे. फोनवर एका सहीचं ॲप असताना त्याच पॅकेजचं दुसऱ्या सहीचं ॲप अँड्रॉइड वर बसू देत नाही, आणि ते तसंच हवं, नाहीतर कुणीही आपल्या ॲपच्या नावाने स्वतःचं काहीही घुसवेल. जुनं काढून नवीन घ्यायला सांगा. काढलं तरी होत नाही म्हणणारं कुणी भेटलं तर फोनमधे वर्क प्रोफाइल किंवा दुसरा युजर आहे का विचारा, तिथे जुनं ॲप शिल्लक असतं. पुढे असं होऊ नये म्हणून डेबग बिल्डच्या ॲप्लिकेशन आयडीला (म्हणजे पॅकेजच्या नावाला) शेवटी वेगळा सफिक्स लावा, मग दोन्ही एकाच फोनवर सुखाने राहतात, फक्त तो आयडी फायरबेसमधे वेगळा नोंदवायला लागतो.

१२ आणि १४ चं उत्तर: १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक अकाउंटला ही अट आहे, संस्थेच्या अकाउंटला नाही. आधी २० टेस्टर लागायचे, डिसेंबर २०२४ मधे ते १२ वर आणले. ते क्लोज्ड टेस्टिंगमधे (इंटर्नलच्या पुढच्या टप्प्यात) लागतात, इंटर्नलमधली माणसं धरत नाहीत. नुसते ईमेल यादीत घालून भागत नाही, प्रत्येकाने लिंक उघडून स्वतः सामील व्हायला हवं आणि सलग १४ दिवस राहायला हवं, त्यामुळे बारावर न थांबता चार-पाच माणसं जास्तीची घ्या. क्लोज्डला रिव्ह्यूही असतो. तुमच्याकडे लॉगिनमागे काही भाग दडलेला आहे तर ॲप ॲक्सेसच्या फॉर्ममधे तपासणाऱ्यांसाठी चालू खात्याचा तपशील न विसरता द्या, त्याच्यावाचून नाकारलेली ॲप्स मी पाहिलीत.

धागाकर्ती:

किती आभार मानू! लॉगकॅटमधे ती ओळ तंतोतंत सापडली, कन्सोलमधल्या ठशाशी जुळली, नोंदवल्यावर लॉगिन आणि नकाशा दोन्ही सुरू झाले. ॲनोटेशन लावलेलं बिल्ड चढवलंय, यादीत नावं दिसतायत.

एकच काळजी उरलीये. चॅटवरची एपीके वापरणाऱ्यांच्या काही नोंदी अजून फोनवरच आहेत, रेंज नसताना केलेल्या, सर्व्हरवर पोचलेल्या नाहीत. ॲप काढलं तर त्या जातील ना? लोकांनी पहाटे उठून केलेल्या नोंदी आहेत हो, मला त्या घालवायच्या नाहीत. आणि इंटर्नलवाल्यांनाही प्रॉडक्शनला जाताना पुन्हा असंच काढून टाकावं लागणार का?

प्रतिसाद:

काढलं तर जातील, म्हणून आत्ताच कुणालाही काढायला सांगू नका. चॅटवरची एपीके डेबगची असेल तर ती ज्या लॅपटॉपवर बनली त्याच लॅपटॉपवरच्या डेबग कीने साइन झालीये, ही की प्रत्येक मशीनवर वेगळी तयार होते. त्याच लॅपटॉपवर व्हर्जनकोड एकने वाढवून एक डेबग एपीके बनवा, त्यात फक्त शिल्लक नोंदी सर्व्हरवर पाठवायचं बटण घाला, आणि किती पोचल्या किती राहिल्या ते स्क्रीनवर दाखवा. सफिक्सचा बदल या बिल्डमधे अजिबात नको, आयडी जुनाच हवा. एपीके बिल्ड मेनूतून बनवा, रनच्या बटणाने बनलेली पाठवू नका, तिच्यावर फक्त टेस्टपुरती असा शिक्का असतो आणि ती लोकांच्या फोनवर बसत नाही. ही जुन्यावर सरळ अपडेट म्हणून बसेल, डेटा जागच्या जागी राहील. राहिलेल्या शून्य दिसल्या की मग जुनं काढून प्लेवरचं घ्यायला सांगा. या एपीकेचा व्हर्जनकोड प्लेच्या हिशोबात येत नाही.

इंटर्नल, क्लोज्ड, प्रॉडक्शन या तिघांची सही एकच, त्यामुळे तिथे काढायचा प्रश्न येत नाही, वरचा व्हर्जनकोड आला की अपडेट होतं. पण तो लॅपटॉप फॉरमॅट करायचा बेत असेल तर हे काम होईपर्यंत थांबवा, आणि डेबग कीस्टोअरची फाइल आजच दुसरीकडे कॉपी करून ठेवा.