न्हावा शेवा बंदरात तुरीचे कंटेनर अडकले आहेत, तातडीने मदत हवी आहे

होटगीरोड_डाळमिल:
सोलापुरात आमची लहान डाळ मिल आहे. मोझांबिकहून मागवलेल्या अख्ख्या तुरीचे दोन कंटेनर १७ दिवसांपासून बंदरात पडून आहेत. धुरीकरण (कीड मारण्यासाठी विषारी वायू सोडणे) करून त्याचे प्रमाणपत्रही दिले, तरी माल सुटत नाही आणि आमचे कस्टम एजंट रोज ‘उद्या होईल’ एवढेच सांगतात. शिपिंग लाइनचे डिटेन्शन, म्हणजे कंटेनर वेळेत परत न केल्याचे शुल्क, सुरू झाले असून मिलमधले कामगार बसून आहेत. पुन्हा धुरीकरण केल्यास माल सुटेल का, एवढेच कृपया लवकर सांगावे.

उरणकर:
माल नेमका कोणी अडवला आहे, हे आपण लिहिलेले नाही. वनस्पती संगरोध केंद्र (आयात मालातून कीड-रोग येऊ नयेत म्हणून तपासणी करणारे) २००३ च्या आदेशाप्रमाणे जिवंत कीड आणि तणांचे बी पाहते, तर एफएसएसएआय या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचे अधिकारी २०१७ च्या आयात विनियमांप्रमाणे धान्य खाण्यास योग्य आहे का, हे तपासतात. धुरीकरणाचे प्रमाणपत्र पहिल्या ठिकाणी उपयोगी पडते, दुसऱ्या ठिकाणी त्याने काम भागत नाही. आपल्या हाती कोणते पत्र आले आहे?

चणा_व्यापारी:
माझ्या अनुभवाप्रमाणे फॉस्फीनच्या गोळ्यांचे धुरीकरण केले असेल, तर ते विसरा आणि मिथाइल ब्रोमाइड वायूने पुन्हा करून घ्या. माझे काबुली चणे तसेच सुटले होते.

नवी_पेठ:
एवढे करण्याची गरज नाही. तात्पुरते ना-हरकत प्रमाणपत्र मागा, प्रयोगशाळेचा अहवाल येण्याआधीच माल बाहेर काढता येतो.

उरणकर:
नवी_पेठ, ही सवलत सात दिवसांहून कमी टिकणाऱ्या पदार्थांसाठी आहे आणि तूर त्यात बसत नाही. कृपया त्यांना चुकीच्या खिडकीवर पाठवू नका, कारण त्यांचा एकेक दिवस पैशांत मोजला जात आहे.

लेबलवाला:
पोत्यांवर आयातदाराचे नाव, पत्ता आणि परवाना क्रमांक नसेल, तर ते सीमाशुल्काच्या आवारातच चिकटवता येते.

बार्शीचा_अडत्या:
दुधनी आणि बार्शीच्या बाजारात तूर मिळत असताना परदेशातून मागवायचीच कशाला, हे मला समजत नाही. निदान पुढच्या हंगामात याचा विचार करावा.

होटगीरोड_डाळमिल:
लेबलचा किंवा पुढच्या हंगामाचा प्रश्न मी विचारलेला नाही. आज एजंटांकडून पत्राची प्रत मिळवली. पत्र एफएसएसएआयचे आहे आणि प्रयोगशाळेत युरिक अॅसिड किलोमागे १२८ मिलिग्रॅम आढळल्याने माल अमान्य केला आहे. संगरोध केंद्राने आठवड्यापूर्वीच माल मोकळा केला होता. हे मला कोणीही सांगितले नव्हते.

चणा_व्यापारी:
म्हणजे कीड होतीच. मी म्हटल्याप्रमाणे धुरीकरण कमी पडले.

उरणकर:
कीड होती हे खरे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. युरिक अॅसिड भुंग्यांच्या विष्ठेतून धान्यात उतरते. धुरीकरणाने भुंगे मरतात, मात्र दाण्यांत साचलेले अॅसिड तिथेच राहते, म्हणून दहा वेळा धुरीकरण केले तरी हा आकडा उतरणार नाही. मर्यादा किलोमागे १०० मिलिग्रॅम आहे.

होटगीरोड_डाळमिल, आपल्या मालाचा नमुना घेताना त्याचे दोन भाग केलेले असतात आणि दुसरा भाग फेरतपासणीसाठी रेफरल प्रयोगशाळेकडे पाठवण्याची मागणी आपण करू शकता. म्हैसूरची सीएफटीआरआय ही अन्न संशोधन संस्था अशा प्रयोगशाळांपैकी एक आहे. अर्जाची मुदत पत्र मिळाल्यापासून मोजली जाते, म्हणून पत्रावरची तारीख आधी पाहा आणि एजंटांच्या ‘उद्या’वर अवलंबून न राहता अर्जाची पोच स्वतः मागून घ्या. दोन्ही कंटेनरचे नमुने वेगवेगळे घेतले होते का, हेही विचारा, कारण एकाच कंटेनरमधला माल किडका असण्याची शक्यता असते.

निकाल येईपर्यंत सीमाशुल्क कायदा, १९६२ च्या कलम ४९ खाली माल गोदामात उतरवण्याची परवानगी मागा. कंटेनर रिकामे करून परत केले, की शिपिंग लाइनचे डिटेन्शन तिथेच थांबते, गोदामाचे भाडे मात्र भरावे लागेल. दुसरा अहवालही विरुद्ध गेला, तर माल परत पाठवणे किंवा नष्ट करणे एवढेच उरते. त्यामुळे विक्रेत्याशी केलेल्या करारात गुणवत्तेची कोणती अट लिहिली आहे, ती आज रात्रीच काढून वाचा.

होटगीरोड_डाळमिल:
पत्रावर चार दिवसांपूर्वीची तारीख आहे. एकाच कंटेनरचा नमुना क्रमांक लिहिलेला दिसतो. उद्या सकाळी मी स्वतः बंदरावर निघत आहे. करारात युरिक अॅसिडचा उल्लेख नाही, फक्त ‘किडीपासून मुक्त’ असे शब्द आहेत. त्यांच्या आधारे भरपाई मागता येईल का?