मधुग्रंथी, मकरंद आणि ज्वारीवरचा चिकटा

विचारणा : मंगळवेढ्याकडच्या रब्बी ज्वारीवर चिकटा पडतो, तो झाडाच्या मधुग्रंथीतून, म्हणजे गोड रस पाझरणाऱ्या भागातून येतो का? आणि ग्रंथीतून येतं त्याला मध म्हणायचं, मकरंद की पराग?

उत्तर : चिकट्याचा ग्रंथीशी संबंध नाही. मावा ही कीड पानातला रस शोषते आणि जास्तीची साखर मागच्या बाजूनं टाकते, तोच चिकटा. पुढं त्यावर काळी बुरशी धरते. ज्वारीच्या फुलात मधुग्रंथी नसतेच, तिचा पराग वाऱ्यावर जातो.

ग्रंथीतून पाझरतो तो मकरंद, म्हणजे साखरेचं पातळ पाणी. मधमाशी त्यातलं पाणी उडवते, तेव्हा मध होतो. पक्व मधात पाणी साधारण 20 टक्क्यांच्या आत असतं. पराग म्हणजे पुंकेसरावरची भुकटी. कवितेत मकरंद आणि पराग एकमेकांच्या जागी आले तरी चालतं, शेतीच्या लेखात मात्र गोंधळ होतो.

दुसरं उत्तर : ग्रंथी डोळ्यांनी बघायची तर बोराचं फूल घ्या. मधली पिवळसर हिरवी चकती हीच ग्रंथी. मकरंद उघड्यावर असल्यानं आखूड तोंडाच्या माश्यांनाही तो मिळतो. सूर्यफुलातल्या बारीक नळीसारख्या फुलांत ती तळाशी, कुक्षीवृंताच्या (फुलातल्या मधल्या मादी-दांडीच्या) बुडाभोवती कड्यासारखी असते, तिथं लांब जीभ लागते. मकरंद प्यायला वाकलेल्या माशीच्या अंगाला पराग लागतो आणि परागीभवन होतं. डाळिंबाचं फूल उभं चिरलं की ग्रंथी कपाच्या तळाशी दिसते.

मकरंद तपासायचा तर आदल्या संध्याकाळी कळीवर बारीक जाळीची पिशवी बांधा, नाहीतर सकाळी माश्या फूल रिकामं करतात. लघवीतली साखर तपासायची पट्टी फुलाच्या तळाला हलकेच टेकवा. फूल चिरताना ब्लेड लागून पेशी फुटल्या, तर त्यांच्या रसानंही पट्टी रंगते. शिवाय ती फक्त ग्लुकोज दाखवते. मकरंदात सुक्रोजच जास्त असेल तर रंग फिका येतो, म्हणून पट्टी रंगली नाही तरी मकरंद नाही असं ठरवू नका.

पुरवणी : 'मधुग्रंथी म्हणजे फुलाचा भाग' ही व्याख्या अपुरी आहे. कापसाच्या पानाखाली मधल्या शिरेवर, एरंडाच्या देठावर, बाभळीच्या पानाच्या दांड्यावरही त्या असतात. त्यांना पुष्पबाह्य मधुग्रंथी म्हणतात. त्यांचा परागीभवनाशी संबंध नाही. तिथला रस प्यायला मुंग्या येतात आणि पानं खाणाऱ्या अळ्यांना हुसकावतात. एरंडाच्या देठावरच्या त्या गाठी रोग समजून पानं खुडू नयेत.