हायडी फ्रँकफर्टला पोचली आणि लेकीनं पुस्तक मिटलं. पुढे वाचायला लावू का?

वाशिष्ठीकाठची
नमस्कार मंडळी. थोडं लांबण लागेल, आधीच सांगते. आम्ही ऑगस्टमध्ये चिपळूणहून फ्रँकफर्टला आलो, नवऱ्याची नोकरी. लेक दहा वर्षांची आहे. तिच्या मावशीनं निघताना 'हायडी' दिलं होतं, स्वित्झर्लंडच्या डोंगरातल्या मुलीची ती गोष्ट, इंग्रजीतलं, चित्रांचं. विमानात तिनं पहिली पानं अक्षरशः खाल्ली, ते आजोबांचं डोंगरावरचं घर, माळ्यावर गवताचं अंथरूण, खिडकीतून दिसणारं आभाळ, बकऱ्या, सगळं मला वाचून दाखवत होती. आणि मग हायडीला डेटे मावशी फसवून फ्रँकफर्टला आणते तिथे गाडी अडली. म्हणजे आम्ही ज्या गावात उतरणार तेच गाव, आणि पुस्तकात ते असं! हायडी मनोऱ्यावर चढते डोंगर दिसतील म्हणून आणि खाली नुसती छपरं आणि धुराडी. तिथे तिनं पुस्तक मिटलं ते आजतागायत. नंतर एकदा मीच म्हटलं चल मी वाचते, तर हायडीनं कपाटात साठवलेले पाव त्या घरातल्या कडक रोटेनमायर बाई फेकायला लावतात तिथे इतकी रडली की मीच थांबले.

शाळेत तिला आधी जर्मन शिकवणाऱ्या वर्गात घातलंय, तिथे ती जवळजवळ बोलतच नाही. बाईंना तिचं नाव घेता येत नाही म्हणून त्यांनी ते अर्धं केलंय, आणि रोटेनमायर बाई हायडीला अडेलहाइडच म्हणतात ना, ते तिच्या बरोबर लक्षात आलं. सगळे फोनवर सांगतात "मुलं पटकन रुळतात गं", पण मला रोज संध्याकाळी दिसतंय ना की नाही रुळलेली.

तर विचारायचं असं की पुढचं वाचायला लावू का सरळ दुसरं पुस्तक देऊ? आणि नवीन जागी आलेल्या मुलीची अजून कुठली जुनी चांगली पुस्तकं आहेत, पण ज्यांच्यात दोन प्रकरणांत सगळं गोडगोड होतं अशी नकोत.

शेवंता
वाशिष्ठीकाठची, फ्रँकफर्ट गाळू नको गं. माझ्या मते त्या पुस्तकाचा जीवच तिथे आहे. डोंगर, बकऱ्या, चीज सगळ्यांच्या लक्षात राहतं पण योहाना स्पायरीनं खरं जीव ओतून लिहिलंय ते त्या मुलीचं आतल्या आत सुकत जाणं. तिला सांगितलेलं असतं की इथे तुला इतकं चांगलं ठेवलंय, परत जायचं म्हणालीस तर कृतघ्न ठरशील, म्हणून ती कोणाला सांगत नाही, रडतसुद्धा नाही, जेवण कमी होत जातं. मग रात्री घराचं दार उघडं सापडायला लागतं, नोकरांना वाटतं भूत आहे, आणि निघते ती झोपेत चालणारी हायडी. डॉक्टर विचारतात स्वप्नात कुठे असतेस, तर म्हणते आजोबांकडे असते, झाडांचा आवाज येतो, दार उघडायला धावते आणि जागी होते तर फ्रँकफर्टमध्येच. दुखतं का कुठे, तर नाही, पण इथे मोठा दगड ठेवल्यासारखं वाटतं. हे १८८० सालचं पुस्तक आहे आणि लहान मुलाचं दुःख मोठ्या माणसानं इतकं गंभीरपणे ऐकून घेतलेलं मला त्या काळातल्या दुसऱ्या मुलांच्या पुस्तकात सापडलेलं नाही. कोणी तिला "रुळशील" म्हणत नाही. डॉक्टर सांगतात घरी पाठवा आणि दुसऱ्या दिवशी निघतेसुद्धा.

आता अडचण मला दिसतेय, तू लेकीला परत चिपळूणला पाठवू शकत नाहीस. म्हणून तिला एकटीला वाचायला देऊ नको, तू वाच शेजारी बसून, मराठीत सांगत सांगत वाच. आणि एक गोष्ट जरूर दाखव. हायडी वाचायला शिकते ती फ्रँकफर्टमध्येच. डोंगरावरच्या पेटरनं सांगितलेलं असतं की वाचणं जमतच नाही, फार अवघड, आणि ती त्याच्यावर विश्वास ठेवून बसलेली, मग ज्या घरी ती राहते तिथल्या आजारी क्लाराची आजी येते आणि म्हणते आता माझ्यावर विश्वास ठेव, आणि चित्रांचं पुस्तक पुढे ठेवते. नंतर वर गेल्यावर ती पेटरच्या आंधळ्या आजीला वाचून दाखवते. पुढच्या वर्षी आलेल्या दुसऱ्या भागाचं जर्मन नावच असं आहे की हायडी जे शिकली ते तिला वापरता येतं. म्हणजे फ्रँकफर्ट वाया गेलं नाही, पण छान होतं असंही लेखिका कुठे म्हणत नाही.

निवांत_वाचक
शेवंताताईंना अनुमोदन. थोडी भर घालतो. घराची ओढ लागून माणूस खरोखर आजारी पडतो हे स्विस लोकांत फार जुनं आहे. १६८८ मध्ये योहानेस होफर नावाच्या वैद्यकीय विद्यार्थ्यानं बाझेलला यावरच प्रबंध लिहिला आणि 'नॉस्टॅल्जिया' हा शब्द तिथेच जन्माला आला, तेव्हा तो चक्क रोगाचं नाव होता. परदेशी सैन्यात नोकरीला गेलेल्या स्विस शिपायांच्या संदर्भात त्याची पुढे बरीच चर्चा व्हायची. तेव्हा पुस्तकातले डॉक्टर काही आपल्या मनानं उपचार सांगत नाहीयेत, त्यांच्या मागे दोनशे वर्षांची समजूत आहे. तुमच्या लेकीला हे सांगून बघा, की जे होतंय त्याला नाव आहे आणि ते मोठ्या दाढीवाल्या शिपायांनाही व्हायचं. माझ्या मुलाला आम्ही बंगळुरूला आलो तेव्हा पोटात दुखायचं रोज सकाळी, डॉक्टरांना काही सापडलं नाही, आम्ही मात्र त्याला नाटक करतोस म्हणालो होतो. अजून वाईट वाटतं.

पुस्तकवेडी_८४
मी 'अ‍ॅन ऑफ ग्रीन गेबल्स' सुचवणार होते, मग तुमची मुलगी वर्गात बोलत नाही हे वाचलं आणि थांबले. अ‍ॅन अकरा वर्षांची अनाथ, स्टेशनवर तिला न्यायला आलेल्या मॅथ्यूला खरं तर शेतावर कामाला मुलगा हवा होता, आणि ही सगळा रस्ता बोलत बोलत त्या अबोल माणसाला जिंकते. पण ती जिंकते ती जिभेवर, आणि भाषा तिचीच आहे! ज्या मुलीकडे ती जीभच काढून घेतलीय तिला हे वाचून अजून एकटं वाटायचं. तरी एक गोष्ट घेण्यासारखी आहे, अ‍ॅन येताक्षणी जागांना नावं ठेवत सुटते. म्हणजे चांगल्या अर्थानं. तळं असतं त्याचं चमचमत्या पाण्याचं सरोवर होतं, खिडकीबाहेरच्या चेरीच्या झाडाची हिमराणी होते. अजून तिला तिथे ठेवणार की परत पाठवणार हेही ठरलेलं नसतं तेव्हाची गोष्ट ही. आम्ही नागपूरहून आलो तेव्हा माझ्या पोरींनी हेच केलं होतं, ट्रामच्या थांब्यांना मराठी नावं, एकाचं नाव अजून घरात "भिजका थांबा" आहे.

लेखिका मॉन्टगोमेरी स्वतः आजी-आजोबांकडे वाढलेली, पंधराएक वर्षांची असताना १८९० मध्ये वडील आणि सावत्र आईकडे लांब सॅस्कॅचेवानला गेली, रमली नाही आणि वर्षभरानं परत आपल्या प्रिन्स एडवर्ड बेटावर आली. १९०८ चं पुस्तक हे, त्या बेटाबद्दल इतकं भरभरून का लिहिलंय ते तेव्हा कळतं.

मोगरा_दादर
भाषेचा मुद्दा आला म्हणून लिहिते, कारण मला वाटतं हाच प्रश्नाचा गाभा आहे. फ्रान्सिस हॉजसन बर्नेटचं 'अ लिटल प्रिन्सेस' घ्या. सारा सात वर्षांची हिंदुस्थानातून लंडनच्या बोर्डिंगमध्ये येते. पहिल्याच दिवशी तिथल्या मुख्य मिंचिनबाई ठरवून टाकतात की हिला फ्रेंच येत नाही, शिकायचं नाही म्हणून हट्ट करतेय. साराची आई फ्रेंच, ती लहानपणापासून फ्रेंच बोलते, पण ते समजावून सांगायला गेली की बाई मध्येच तोडतात. मग फ्रेंचचे मास्तर येतात आणि ती त्यांच्याशी सरळ त्यांच्या भाषेत बोलते, आणि बाईंचा चेहरा! तुमच्या लेकीला गणित येत असणार, गोष्टी येत असणार, आणि वर्गात कोणालाच त्याचा पत्ता नाही, तिला हे प्रकरण कळेल. पुढे माळ्यावरच्या खोलीत सारा एकटी असते तेव्हा शेजारच्या छतावरून तिथला हिंदुस्थानी नोकर रामदास दिसतो आणि ती त्याच्याशी हिंदुस्थानीत बोलते, किती दिवसांनी, ते मी दहा वर्षांची असताना वाचलं होतं आणि अंगावर काटा आला होता. मात्र वडील वारल्याची बातमी तिच्या अकराव्या वाढदिवसाला येते, तो भाग जड आहे, तेव्हा जवळ बसा.

त्याच बर्नेटबाईंचं 'द सीक्रेट गार्डन', १९११. मेरीचे आईवडील आणि आया इकडे कॉलऱ्यानं जातात आणि तिला यॉर्कशायरला पाठवतात. ही मुलगी गोड नाही, चिडकी आहे, कोणाला आवडत नाही, म्हणून मला जवळची वाटते. ती हळूहळू यॉर्कशायरची बोली शिकते, मुद्दाम बोलून बघते, बोलताना मजा येते तिला. नवी भाषा परीक्षेसारखी न शिकता खेळासारखी, झाडं आणि पक्षी बघत बघत. पण स्पष्ट सांगते, या पुस्तकात आपल्या लोकांबद्दल वाईट वाक्यं आहेत. नोकर म्हणजे माणसंच नव्हेत, सलाम करणारे, असं मेरी बोलते, आणि हिंदुस्थानची हवा म्हणजे आजारी पडायची आणि इंग्लंडची वारा खाऊन बरं व्हायची असा सूर सगळीकडे. गाळू नका ते. थांबा आणि बोला. दहा वर्षांच्या मुलीला कळतं की लिहिणारी बाई चुकली.

शेवंता
मोगरा, यॉर्कशायर बोलीचं माझ्या लक्षातच नव्हतं, किती बरोबर. आणि बर्नेटबाई स्वतः मँचेस्टरच्या, १८६५ मध्ये घरची परिस्थिती खालावली म्हणून सगळं कुटुंब अमेरिकेत टेनेसीला गेलं, पंधरा-सोळाची होती. पहिली गोष्ट मासिकाला पाठवायला कागद आणि तिकिटं हवीत म्हणून रानातली द्राक्षं तोडून विकली होती तिनं. तेव्हा अनुभव होता बाईला.

एक नको म्हणून सांगते, 'पॉलिअ‍ॅना' आत्ता नको. प्रत्येक गोष्टीत आनंद शोधायचा तो खेळ, चांगल्या हेतूनं लिहिलाय, पण ज्या मुलीला सगळेच "आनंदी राहा" सांगतायत तिच्या हातात तेच पुस्तक द्यायचं नाही. दोन वर्षांनी दे.

जोशी_काकू_सातारा
मुलीसाठी सगळ्यांनी छान सांगितलंय. मी तुझ्यासाठी सांगते बाळा, कारण तूही नवीन जागीच आली आहेस आणि ते तू तुझ्या पोस्टमध्ये एकदाही लिहिलं नाहीस. आपल्याकडे मुलीचं नवीन जागी जाणं म्हणजे सासर, पिढ्यान्‌पिढ्या तेच. हादग्याची कितीतरी गाणी त्याचीच. हरिभाऊ आपट्यांचं 'पण लक्षात कोण घेतो?' काढ. १८९० नंतर 'करमणूक'मध्ये क्रमशः आलं, म्हणजे तुझ्या त्या हायडीनंतर दहाच वर्षांत. यमू स्वतःची गोष्ट स्वतः सांगते, लहानपण, लग्न, सासरचं ते दडपून टाकणारं घर. आणि मग नवऱ्याबरोबर मुंबईला बिऱ्हाड करते, तिथे वाचायला मिळतं, चार बायका भेटतात, मोकळा श्वास घेते. मुंबईचा तो भाग मी तीनतीनदा वाचलाय. शेवट फार वाईट आहे, लेकीला देऊ नकोस, अजून खूप लहान आहे. पण तू वाच. नवीन जागा कोणाला गुदमरवते आणि कोणाला मोकळं करते हे एकाच बाईच्या आयुष्यात दोन्ही दिसतं. आणि जेवतेस ना वेळेवर?

कॅम्पसकट्टा
मोठी झाली की 'डॅडी लाँग लेग्ज' (१९१२) पण. जूडी अनाथाश्रमातून कॉलेजात जाते, तिथे सगळ्या मुलींना माहीत असलेलं हिला काहीच माहीत नाही, मायकेलअँजेलो हा कुणी देवदूत असेल असं वाटतं आणि वर्ग हसतो. मग रात्री गुपचूप सगळी लहानपणीची पुस्तकं वाचून काढते. मी लातूरहून पुण्याला हॉस्टेलला आलो तेव्हा अगदी हेच केलं होतं. शेवटची प्रेमकथा मला पटत नाही, वयातलं अंतर आणि त्यानं सगळं लपवून ठेवलेलं असणं, पण पत्रं फार जिवंत आहेत.

वाशिष्ठीकाठची
सगळ्यांचे खूप आभार. काकू, जेवते. आणि वाचून दोन मिनिटं फोन बाजूला ठेवला मी, एवढंच सांगते.

दहा दिवसांनी लिहितेय. शेवंता सांगितलंस तसं केलं, रोज रात्री थोडं, मी इंग्रजी वाचून मराठीत सांगते. डॉक्टर आणि दगडाच्या पानावर आलो तेव्हा मला वाटलं परत रडेल, तर रडली नाही, म्हणाली "मला इथे नाही, इथे होतं," आणि गळ्याला हात लावला. मग बऱ्याच वेळानं विचारलं की हायडीला पाव का टाकायला लावले, त्या बाईंना माहीत नव्हतं का ते पेटरच्या आजीसाठी होते. मी म्हटलं नव्हतं माहीत. तर उठली आणि पलंगाखालून बुटाचा खोका काढला. आत ते तपकिरी चकचकीत चेस्टनट असतात ना, रस्त्यावर पडतात इथे शरदात, ते. ऑक्टोबरमध्ये तिच्या जॅकेटच्या खिशात सापडले होते तेव्हा मी सगळे कचऱ्यात टाकायला लावले होते, किडे होतील म्हणून. हे तिनं नंतर परत गोळा केलेले. चिपळूणला आजीला दाखवायला.

मोजले आम्ही दोघींनी, एक्केचाळीस आहेत. चार सुरकुतलेत, बाकीचे चांगले आहेत. खोका आता खिडकीत ठेवलाय. रविवारी आभाळ स्वच्छ असेल तर इथल्या कॅथेड्रलच्या मनोऱ्यावर चढायचं ठरलंय, वरून टाउनसचे डोंगर दिसतात म्हणे.