१९८१ ची एल्डोराडो कन्व्हर्टिबल: कंपनीची की नंतर कापलेली?

जर्सीकर:
मंडळी, इकडे न्यू जर्सीत एक कॅडिलॅक एल्डोराडो विकायला आलीये, १९८१ ची, पांढरी, आत लाल लेदर आणि वर कापडी टप, बटण दाबलं की मागे जातो. आजोबा शपथेवर सांगतायत की शोरूममधून अशीच घेतली, म्हणून भाव साध्या कूपेच्या (दोन दारांच्या, पक्क्या छताच्या गाडीच्या) जवळजवळ दुप्पट. पण मी तर ऐकलंय १९७६ नंतर कॅडिलॅकने टपवाल्या बंदच केल्या होत्या? मग ही आली कुठून?

टपउघडा:
आजोबा खोटं बोलत नसतील, शोरूममधून घेतली असेलही, पण कंपनीत ती कूपेच बनली. तेव्हा बरेच डीलर नव्या कूपेचं छत बाहेर कापून, कापडी टप बसवून आणून विकायचे. सिनसिनाटीचे हेस अँड आयझेनहार्ट त्यातले नावाजलेले, अध्यक्ष केनेडींची लिंकन लिमोझिन यांनीच तयार केलेली. कंपनीची म्हणावी अशी टपवाली एल्डोराडो आली थेट १९८४ ला, बिआरिट्झ, तीही एएससी या छत कापून देणाऱ्या बाहेरच्या कंपनीकडून करून घेतलेली, ८४ आणि ८५ अशी दोनच वर्षं. गंमत म्हणजे ७६ ला 'शेवटची' म्हणून ज्यांनी जपून ठेवायला घेतल्या होत्या त्यातले काही ८४ ला चिडून कोर्टात गेले 😄

व्हीआयएनमधला (गाडीच्या ओळख क्रमांकातला) सहावा-सातवा आकडा बघ. ५७ असेल तर कूपे, ६७ कन्व्हर्टिबल. ८१ च्या गाडीत ५७ च निघणार.

गॅरेजवाला_पुणे:
नंबर राहू दे, आधी गाडीखाली झोप. त्या एल्डोराडोला वेगळी चेसिस आहे म्हणून छत कापलं तरी गाडी मोडत नाही, पण बॉडीचा ताठपणा जातो, म्हणून दाराखालच्या उंबऱ्यात पत्रा वाढवावा लागतो आणि नेमका तिथेच गंज बसतो. एका बाजूचं पुढचं चाक जॅकवर उचल आणि दार उघडून लाव, घासलं किंवा कडी बसली नाही तर समज जोडकाम ढिलं आहे. मागच्या सीटखालचा कार्पेटही उचलून बघ, टप गळत असेल तर पाणी तिथे साचतं आणि वास लपत नाही.

जर्सीकर:
भारी माहिती! इंजिन व्ही८-६-४ लिहिलंय जाहिरातीत, ते काय प्रकरण आहे?

टपउघडा:
अरे देवा. ६ लिटरचं इंजिन, कॉम्प्युटर गरजेप्रमाणे आठाचे सहा, सहाचे चार सिलिंडर करायचा. कल्पना झकास पण तेव्हाच्या कॉम्प्युटरला झेपली नाही, गाडी हिसके द्यायची, म्हणून लोकांनी वायरच काढून टाकली आणि कायम आठवर चालवली. तसं केलेलं असेल तर इंजिन उलट दणकट आहे, ८२ पासूनच्या एचटी४१०० इंजिनापेक्षा कधीही बरं.

रिव्हिएराप्रेमी:
माझं मत विचाराल तर दुप्पट पैसे अजिबात देऊ नको. दुर्मिळ आहे म्हणून किंमत येत नाही रे, ज्याने कापली त्याचं नाव, बिल, कागद काही असेल तर येते. टपाची फ्रेम, काचेचे रबर, मोटर यातलं काही गेलं तर सरळ कॅटलॉगमधून मागवता येत नाही, हाताने बनवून घ्यावं लागतं. त्यापेक्षा ८२ ते ८५ ची ब्यूइक रिव्हिएरा कन्व्हर्टिबल बघ, तीही एएससीनेच कापलेली पण ब्यूइकने स्वतःच्या यादीत विकली, चार वर्षांत ४,००० सुद्धा बनल्या नाहीत. ५ लिटर व्ही८ वाली शोध, व्ही६ जरा मरगळलेली आहे.

गॅरेजवाला_पुणे:
आजोबांकडे कापल्याचं बिल आहे का विचार आधी, मग भावाचं बोलू.