फोर-बार लिंकेज: सॉल्व्हरच्या आधी मापं बघा

फोर-बार लिंकेज म्हणजे पिनांनी जोडलेल्या चार दांड्यांची यंत्रणा. ती फ्रीकॅड या डिझाइनच्या प्रोग्रॅममध्ये फिरवताना क्रँक (आपण फिरवतो ती दांडी) अर्ध्यावर येऊन थांबतो, असा प्रश्न एकाने विचारलाय. त्यावर सॉल्व्हरला, म्हणजे जोडण्यांचं गणित सोडवणाऱ्या भागाला, दोष दिलाय आणि टॉलरन्स (गणितात चालवून घ्यायची चूक) सैल करायचा सल्लाही आलाय. टॉलरन्सला हात लावू नका, सॉल्व्हर बरोबर सांगतोय.

मापं दिलीत ती अशी: क्रँक ७०, कपलर (मधली जोडदांडी) १२०, रॉकर (पुढे-मागे झुलणारी) ८०, फ्रेम (स्थिर दांडी) १०० मिमी. दांडी पूर्ण फिरेल का ते सांगणारा ग्राशॉफचा नियम लावून बघा. सगळ्यात आखूड आणि सगळ्यात लांब दांड्यांची बेरीज १९०, उरलेल्या दोघींची १८०. पहिली बेरीज जास्त भरली की कुठलीच दांडी पूर्ण फेरा मारत नाही. पत्र्याच्या पट्ट्या कापून रिव्हेट मारलेत तरी तिथेच अडकेल! क्रँक ४० करा; १६० विरुद्ध १८०, बिनधास्त फिरेल.

प्रोग्रॅम 'रिडंडंट' (गरजेपेक्षा जास्त बंधन घालणाऱ्या) जॉइंटची सूचना देतो, तो वेगळा मामला. तीन हलते भाग, प्रत्येकाला सरकण्या-फिरण्याची ६ स्वातंत्र्यं, म्हणजे १८. चार रिव्हॉल्यूट जॉइंट (एकाच अक्षाभोवती फिरू देणारे) प्रत्येकी ५ खातात, म्हणजे २०. हिशेब उणे २ येतो, तरी यंत्रणा हलते, कारण चारही अक्ष समांतर आहेत. नुसती हालचाल बघायची असेल तर दुर्लक्ष करा. पिनांवरचे भार काढायचे असतील तर मात्र एक जॉइंट बॉल (सगळ्या दिशांनी फिरू देणारा) आणि एक सिलिंड्रिकल (अक्षाभोवती फिरू आणि अक्षावर सरकू देणारा) करा: ५+५+३+४ = १७, बरोबर एक स्वातंत्र्य उरतं. नाहीतर भारांची वाटणी कशीही दाखवली जाऊ शकते.

आणि हो, गती क्रँकलाच द्या. रॉकरला दिलीत तर क्रँक-कपलर एका रेषेत आले की गाडी अडते किंवा जोडणी उलटते.